नाही, सहज विचारलं

मावशीने बॅग हातात घेतली आणि किमतीची चिठ्ठी न बघता आधी ती उलटी केली. तळाच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, चेन उघडली, मिटली, पुन्हा उघडली, मग पट्टा जिथे बॅगेला जोडतात तिथली शिवण उजेडाकडे धरली. ठाण्यातल्या एका मॉलमधलं परदेशी बॅगांचं दुकान होतं ते. बाहेर पावसाची चिकचिक, आत हाडांपर्यंत जाणारा एसी आणि कोऱ्या चामड्याचा वास. मावसबहिणीला कंपनीत मोठी बढती मिळाली होती. मावशीने रिकरिंगचे पैसे काढले होते आणि लेकीला एक चांगली, वर्षानुवर्षं टिकेल अशी बॅग घ्यायचं तिच्या मनाने घेतलं होतं. पट्ट्याच्या बुडाशी तिचं नख थांबलं. तिथे दोऱ्याचं टोक वितळवून चिकटवतात. तो काळा ठिपका एका बाजूला नीट बसला नव्हता, नखाला लागत होता. "हे बघ रे," ती काउंटरवरच्या मुलाला म्हणाली. त्याने वाकून बघितलं, मान डोलावली. ह्या रंगात दुसरा पीस आहे का? नव्हता. मग ह्या पीसवर काही कमी होईल का? "मॅडम, आमच्याकडे डिस्काउंट नसतो. ब्रँडची पॉलिसीच आहे तशी." मुलगा मराठी होता, अदबीने बोलत होता, आवाजात तुसडेपणा नावालाही नव्हता. आणि मावशी घाईघाईने म्हणाली, "नाही, सहज विचारलं." मग तिने कार्ड पुढे केलं आणि पूर्ण किंमत मोजली.

मावशी सहज विचारणाऱ्यातली नाही.

तिची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये झाली. किसननगरहून चालत जायची, चालत यायची. सुरुवातीला धागाकटिंगला होती, मग चेकर झाली. मोठ्या टेबलावर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ती एकेक शर्ट ठरलेल्या क्रमाने बघत जायची: कॉलर, खांदे, बगल, काजं, खालची दुमड. दोष दिसला की तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर चिकटवायचा आणि पीस ऑल्टरच्या ढिगात टाकायचा. एका बाजूची बाही जराशी वेगळ्या शेडची आली, मशीनच्या तेलाचा मोहरीएवढा डाग पडला, इंचात जितके टाके हवेत त्याच्यापेक्षा कमी बसले, की बाण. लहानपणी शाळा सुटल्यावर कधीतरी मी तिला डबा द्यायला जायचे. मशीनच्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि हवेत कापसाचा बारीक फुफाटा तरंगत असायचा. मावशीच्या डोळ्यांना ती सवय कायमची जडली. आजही लग्नात कुणी नवी साडी दाखवली की ती पदराचं कौतुक करता करता फॉलची शिवण चाचपते. दुकानात ती कधी नुसतं "कमी करा" म्हणत नाही. कपडा आतून उलटा करते, दुकानदाराला दाखवते, "ही काजं बघा, दोन धुण्यांत उसवतील," आणि मग भाव बोलते. घासाघीस म्हणजे लोकांना चिकाटीचा किंवा चिकटपणाचा खेळ वाटतो. मावशीची घासाघीस म्हणजे तपासणीचा निकाल असायचा. म्हणूनच त्या दिवशी तिने चूक दाखवली आणि चूक दाखवल्याबद्दल जणू तीच ओशाळली, हे माझ्या मनातून जाईना.

त्या युनिटमधलं एक काम मात्र तिला मनापासून नकोसं वाटायचं. बायरने, म्हणजे माल मागवणाऱ्या परदेशी कंपनीने, एखादा लॉट रिजेक्ट केला, किंवा शिपमेंट इतकी उशिरा गेली की ऑर्डरच रद्द झाली, की तयार माल परत टेबलावर यायचा आणि बायकांना रांगेत बसवून लेबलं कापायला लावायचे. हातात धागा कापायचा छोटा कटर, मांडीवर शर्ट. मानेपाशी आतल्या बाजूला जिथे ब्रँडचं नाव शिवलेलं असतं, तिथे कटर तिरका घालून कापड न फाडता नाव तेवढं काढायचं. शर्ट तोच, कापड तेच, टाकेही तिनेच पास केलेले, फक्त नाव काढलं की त्याचा एक्स्पोर्टचा माल व्हायचा आणि काही दिवसांत तो स्टेशन रोडवर, गोखले रोडवर ढिगाने यायचा. नाव शिवणीत घट्ट बसवलेलं असल्याने ते पूर्ण निघायचं नाही, खरखरीत काठ तेवढा मागे राहायचा. मावशी तिथे जाऊन ढिगातून आपल्याच युनिटचे पीस ओळखायची आणि त्यांच्यावर भाव करायची. तिने माझ्यासाठी आणलेला निळ्या चौकड्यांचा एक शर्ट मी कॉलेजात कितीतरी वापरला. मानेला ती कडा घासायची. बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची इंग्रजी-फ्रेंच पट्टी मात्र तशीच राहिली होती. कुणी विचारलं की मी ती पट्टी दाखवायचे. माझ्या अंगावर खऱ्याखुऱ्या परदेशी ब्रँडचा शर्ट होता, हे सांगायला तेवढाच पुरावा माझ्याकडे होता.

पुढे २०१८ मध्ये बर्बरीची बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी तो कटर आठवला. ह्या ब्रिटिश कंपनीच्या वार्षिक अहवालात आलं होतं की २०१७-१८ ह्या एका वर्षात तिने २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. कपडे, वस्तू, अत्तरंही. बोभाटा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने ही प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास कार्तिएसारख्या घड्याळांचे ब्रँड ज्यांच्या पोटात आहेत त्या रिशमाँ समूहाचं प्रकरण बाहेर आलं. दोन वर्षांत त्यांनी दुकानदारांकडून जवळपास ४८ कोटी युरोंची घड्याळं परत विकत घेतली आणि त्यातली बरीचशी मोडून टाकली. घड्याळं बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्या वाटेने, कमी भावात, भलत्या मनगटावर जातील ही भीती होती. ह्या धंद्यातले लोक हे अगदी सरळ मांडतात: वस्तू एकदा स्वस्तात मिळाली की ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याला फसल्यासारखं वाटतं, पुढच्या वेळी तो थांबून राहतो, आणि मग पूर्ण भावाने कुणीच घेत नाही. हिशोब म्हणून हे मला समजतं. पण कोट शिवणाऱ्या बाईच्या, तो तपासणाऱ्या बाईच्या बाजूने बघितलं की घशाशी काहीतरी अडकतं. वागळे इस्टेटमध्ये निदान नाव कापून माल जगवत होते. तिकडे नाव जपायला माल जाळत होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्या घरातली आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो, त्यांचं जांभळी नाक्याच्या बाजूच्या गल्लीत कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात गल्ल्याच्या वर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: एकच भाव. अण्णांना घासाघीस सहन व्हायची नाही. ते चिडायचे नाहीत, पण गिऱ्हाइकाने भाव केला की कापडाची घडी घालायला घ्यायचे. सकाळी भवानी व्हायच्या आधी कुणी आलं तर तेवढ्यापुरतं दोन-पाच रुपयांचं बघायचे, कारण पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. बाकी दिवसभर पत्रा तो पत्रा. त्यांचं म्हणणं होतं, ज्याला बोलता येतं त्याला स्वस्त आणि जो बिचारा लाजतो त्याला महाग, हा कुठला न्याय? कळव्याहून येणारी मोलकरीण आणि नौपाड्यातली डॉक्टरीणबाई एकाच मीटरला एकच पैसे देतील. अडचणीतल्या माणसाला ते उधार द्यायचे, वहीत नाव मांडून, कधी कधी ते नाव वर्ष उलटलं तरी खोडलं जायचं नाही. पण भाव पाडायचे नाहीत. पावसाळ्यात जुना माल बाहेर काढायचे तेव्हाही दारावर पाटी लावून, सगळ्यांसाठी, सगळ्यांसमोर. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे ते तागे पुढच्या बाकावर मांडलेले असायचे आणि तिथे अण्णा स्वतः बसायचे.

माझ्या डोक्यात कित्येक वर्षं अण्णांची पाटी आणि त्या बड्या ब्रँडांची पॉलिसी एकाच कप्प्यात होती. दोघंही म्हणतात, आमच्याकडे कमी होत नाही. लुई व्हितॉं तर अभिमानाने सांगतं की आम्ही सेल लावतच नाही. आणि इतिहासात ह्या दोन गोष्टी खरोखरच एका घरातून आल्या आहेत. १८५२ मध्ये पॅरिसमध्ये अरिस्तीद बूसिको नावाच्या माणसाने ल बाँ मार्शे ह्या दुकानात भागीदारी घेतली आणि तिथे वस्तूंवर किमती लिहून ठेवायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक दुकानांत भाव गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगितला जायचा. बूसिकोकडे लिहिलेली किंमत सगळ्यांना सारखी, आत येऊन बघायला कुणाला मनाई नाही, घेतलंच पाहिजे अशी जबरदस्ती नाही, पसंत पडलं नाही तर परत. आणि हाच माणूस जानेवारीच्या मंदीत चादरी-टॉवेलांचा मोठा सेल लावायचा. म्हणजे ठरलेली किंमत आणि जाहीर सवलत ही जुळी भावंडं होती, दोन्हींचा अर्थ एकच होता: जे आहे ते सगळ्यांसमोर. फ्रान्समध्ये सेलचे हंगाम आजही सरकारी नियमाने चालतात, हिवाळ्यात चार आठवडे आणि उन्हाळ्यात चार आठवडे. आणि ल बाँ मार्शे हे दुकान आज कुणाच्या मालकीचं आहे? लुई व्हितॉंच्याच मालकांच्या, एलव्हीएमएचच्या.

अण्णांनाही एक दुखणं होतं आणि ते बड्या ब्रँडांच्या दुखण्याशी अगदी जुळतं. बायका दुकानात यायच्या, तास तास बसायच्या, अण्णा ताग्यामागून तागा उलगडायचे, कुठलं कापड आटतं, कुठल्याला अस्तर लावावं लागेल, ब्लाउजला किती लागेल, सगळं सांगायचे. मग त्या उठायच्या आणि लोकल पकडून उल्हासनगरला जाऊन तेच कापड मीटरमागे थोडं स्वस्त घेऊन यायच्या. ज्ञान अण्णांचं, विक्री दुसऱ्याची. "मी काय फुकटची शाळा काढलीय?" असं ते एकदा संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले होते, आणि त्यात राग कमी नि थकवा जास्त होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बरोबर हाच मुद्दा घेऊन एक खटला लढला गेला. टेक्सासमधलं केज क्लोझेट नावाचं बायकांच्या कपड्यांचं छोटं दुकान, त्याने ब्रायटन ह्या ब्रँडच्या वस्तू वीस टक्के सवलतीत विकल्या, म्हणून तो ब्रँड ज्यांचा त्या लीजिन कंपनीने त्या दुकानाचा माल बंद केला. कंपनीचं म्हणणं, जो दुकानदार चांगली जागा घेतो, माणसं ठेवतो, गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, त्याचं सवलतवाला नुकसान करतो. २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल लागला आणि कंपनीने किमान भाव ठरवून देणं म्हणजे सरसकट बेकायदा, हा १९११ पासूनचा नियम मोडीत निघाला. आपल्याकडे वारा उलटा आहे. २०२१ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला दोनशे कोटींचा दंड केला तो डीलरांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट द्यायची नाही ह्या बंधनासाठी. खोटी गिऱ्हाइकं पाठवून कोण जास्त सूट देतंय ते पकडलं जायचं, असं त्या निकालात आहे. टेक्सासच्या त्या दुकानाचा निकाल मी अण्णांना सांगितला असता तर ते बहुधा कंपनीच्या बाजूने बोलले असते. आणि मग माल बंद केलेल्या त्या छोट्या दुकानदाराचं नाव त्यांनी विचारलं असतं, हेही मला माहीत आहे.

पण अण्णांच्या पाटीत आणि त्या पॉलिसीत फरक आहे, आणि तो मला ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कळला.

बॅग घेऊन काही आठवडे झाले होते. जेवताना एका वरिष्ठ सहकारी बाईंनी फोन पुढे सरकवला, "ह्यातली कुठली बरी दिसते गं?" तोच ब्रँड, तीच बॅग, गडद तपकिरी. वर लिहिलेलं, खास आमंत्रितांसाठी, दोन दिवस, तीस टक्के कमी. बाईंना त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. त्या तिथून दरवर्षी काही ना काही घेतात, म्हणून त्यांना निरोप येतो. मावशीचाही नंबर बिलाच्या वेळी घेतला होता, मीच सांगितला होता तो. तिला निरोप आला नाही. मी डबा झाकून ठेवला. तुसड्यापणाने कुणी हाकललं असतं तर इतकं लागलं नसतं. सवलत आहे, ती कायम होती. ती फक्त मागणाऱ्याला मिळत नाही. ज्याने मागायची वेळच येत नाही अशाला ती घरपोच जाते.

नंतर मी बघायला लागले तेव्हा हे सगळीकडे दिसायला लागलं. निमंत्रितांचे सेल, कर्मचाऱ्यांचे सेल, नेहमीच्या गिऱ्हाइकांना बंद दाराआड दाखवलेला मागच्या हंगामाचा माल. ज्यांना आमंत्रण नाही त्यांच्यासाठी आउटलेट, म्हणजे ब्रँडचीच सवलतीची दुकानं, आणि आउटलेट शहराबाहेर. इंग्लंडमध्ये १९९५ साली सुरू झालेलं बिस्टर व्हिलेज लंडनपासून तासाभराच्या आगगाडीवर आहे. सवलत हवी असेल तर पाय झिजवा, आणि पूर्ण किमतीच्या दुकानाच्या आरशात आम्हाला दिसू नका. त्यातही मेख अशी की आउटलेटमधला माल दर वेळी उरलेला नसतोच. कित्येक ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलक्या कापडाचा, कमी शिवणीचा माल मुद्दाम बनवून घेतात. मावशीसारखीच्या नखाला तो फरक लगेच लागेल. पण पाटी वाचून आनंदाने गाडी करून गेलेल्या कुटुंबाला तो कोण सांगणार? सेलची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल एक तुच्छता असते, ती मला ह्यासाठी सलते. डोंबिवलीहून, कळव्याहून दोन गाड्या बदलून, हिवाळ्याचा सेल लागेपर्यंत थांबून, एक चांगली वस्तू घेणाऱ्या माणसाने त्या वस्तूचा विचार इतका केलेला असतो! शिवण, चेन, पट्टा, कुठल्या ड्रेसवर जाईल, पावसात न्यावी की नाही. बाईंच्या फोनवर आलेल्या आमंत्रणाला तेवढा विचार लागत नाही. ज्यांनी ही वस्तू सगळ्यांत मन लावून बघितली, त्यांनाच ब्रँड आपलं म्हणायला लाजतो.

मन मात्र एका बाजूला ठरत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल, आणि कोल्हापूरचं नावही नाही! मीही चिडले होते. कंपनीने नंतर ह्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ह्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला, इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे आठशे युरो. आठशे युरोंवर कुणी भाव करणार नाही. आणि त्याच दिवसांत ठाण्यातल्या एका प्रदर्शनात कोल्हापूरकडून आलेल्या कारागिरासमोर माझ्या पुढची बाई साडेनऊशेचे सहाशे करा म्हणून अडून बसली होती. त्याच्या बोटांना चामड्याचा रंग धरलेला होता आणि अंगठ्यावर सुताच्या ओढीने पडलेला खोल वळ होता. तो शेवटी सातशेला तयार झाला. माझा नंबर आला तेव्हा मी सांगितले तेवढे दिले, आणि त्यातही मला काही मोठं समाधान मिळालं नाही, कारण पलीकडच्या स्टॉलवर मी स्वतः टॉप्सवर पन्नास रुपये कमी करून आले होते. सूट कुणाच्या खिशातून जाते ह्यावर सगळं अवलंबून आहे. मावशीचा नियम सरळ आहे: करणाऱ्याकडे भाव पाडायचा नाही, विकणाऱ्याकडे पाडायचा. पण जिथे करणारा आणि विकणारा ह्यांच्या मध्ये चार देश आणि दहा कंपन्या आहेत, तिथे हा नियम लावायचा कुठे? पूर्ण किंमत मोजली म्हणून टाके घालणाऱ्या बाईला जास्त मिळाले, असं मला आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही. मावशीच्या युनिटमध्ये तरी शर्टावर कितीही परदेशी किंमत लावलेली असो, तिचा पगार तोच होता.

आमंत्रणाचं मावशीला सांगावं की नाही, ह्यावर मी बरीच घुटमळले. शेवटी सांगितलं. वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तीस टक्के म्हणजे बरेच की." मग मी विचारलं, त्या दिवशी तू इतकी घाईने माघार का घेतलीस? लाजलीस का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "लाजायचं काय त्यात? त्या पोराच्या हातात काय होतं?" बिल होईपर्यंत तिने त्याची चौकशी केली होती, तेव्हा मी फोनवर होते. दिव्याला राहतो, सकाळी साडेनऊला येतो, दुकानात बसायला स्टूल नाही, नवे बूट चावतात. "अण्णांशी भाव केला तर अण्णा नाही म्हणायचे, कारण दुकान त्यांचं होतं. हा कुणाच्या जिवावर हो म्हणणार? मी आणखी ताणलं असतं तर त्याला मॅनेजरला बोलवावं लागलं असतं. मॅनेजर तरी काय करणार? किंमत तिकडे कुठेतरी ठरलेली. म्हणून म्हटलं, सहज विचारलं."

हे ऐकल्यावर मला त्या दुकानाची आखणी वेगळी दिसायला लागली. भाव करायला दोन माणसं लागतात आणि दोघांच्याही हातात काहीतरी असावं लागतं. त्या चकचकीत खोलीत किमतीचा मालक हजरच नव्हता. होता तो पगारावरचा एक मुलगा, ज्याला नाही म्हणायला शिकवलेलं होतं आणि ज्याला हो म्हणायची मुभा नव्हती. मावशीने त्याला मोकळं केलं. ती ओशाळली असं मला वाटत होतं, आणि ती तर त्याची अडचण सोडवत होती. तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. तो दोऱ्याचा ठिपका अजून नखाला लागतो. तिने तो दाखवला, तो खरा होता, आणि ऐकायला तिथे कुणी नव्हतं. तिने आयुष्यभर लोकांचे टाके तपासले, बायरच्या माणसाने एका शर्टातल्या एका काजावरून अख्खा लॉट परत पाठवलेला बघितला. बायरला चूक दाखवून पैसे कापायचा अधिकार होता. तीच चूक त्याच्या मालात तिने दाखवली तर ती पॉलिसीत बसत नाही. हा न्याय मला मान्य नाही, आणि मावशी समजूतदार आहे म्हणून तो मान्य होणार नाही.

आता निदान जाळण्याच्या वाटा बंद होताहेत. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून न विकलेला माल नष्ट करायला बंदी घातली. युरोपियन युनियनच्या नियमात मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ ही तारीख आहे: त्यानंतर न विकलेले कपडे आणि पादत्राणं, काही अपवाद सोडले तर, नष्ट करता येणार नाहीत. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मग तो माल जाणार कुठे?" कुठेतरी विकावा लागेल, दान द्यावा लागेल, उसवून परत वापरावा लागेल, मी म्हटलं. मला मनापासून वाटतं की गोदामात ढीग साठले की एखाद्या तरी ब्रँडला पुढच्या दाराने, पाटी लावून, अण्णांसारखा सगळ्यांसमोर सेल लावावा लागेल. मावशीला ते पटत नाही. नाव लावून स्वस्तात ते कधीच विकणार नाहीत, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नाही. "बघच तू," ती म्हणाली, "कुठल्यातरी देशात बायकांना रांगेत बसवतील आणि हातात कटर देतील."